बरणी जपा, पातेलं जाऊ द्या

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या एका क्लायंटसाठी मी 'सॉफ्टवेअर कंटेनर' या विषयावर हजार शब्दांचा लेख लिहिला होता. मी बी. ए. इंग्लिश, त्यामुळे लेखात व्याकरणाची एकही चूक नव्हती. फक्त आपण काय लिहितोय हे मला कळलेलं नव्हतं. क्लायंट खूश, मॅनेजर खूश, म्हणून मीही खूश.

कंटेनर म्हणजे काय ते मला खरोखर कळलं यंदाच्या जून महिन्यात. आईच्या ४१ पाककृती मी स्वतःच्या हाताने पुसून टाकल्या, त्या दिवशी.

आज तीच गोष्ट सांगते. तुमच्याही घरात कुणी हौशी मुलगा, पुतण्या, जावई 'आपला स्वतःचा सर्व्हर करू या' म्हणत असेल, तर ती तुमच्या उपयोगी पडेल.

टीव्हीखालचा लॅपटॉप

आमचं घर वडोदऱ्यात. मी नोकरीसाठी बेंगळुरूत, दादा जर्मनीत. आई-बाबा दोघंच घरी. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आणि तेव्हापासून आईच्या फोनवर 'स्टोरेज भरलं' ही सूचना दूधवाल्याच्या हाकेइतकी नियमित येऊ लागली. १५ जीबीत एखाद्या लग्नाचे व्हिडिओ मावतात, संसार मावत नाही.

गेल्या दिवाळीत दादा घरी आला तेव्हा त्याने माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला, पुसला, त्यात लिनक्स घातलं आणि टीव्हीखाली ठेवून दिला. फोटोंसाठी 'इमिच' नावाचं मोफत ॲप टाकलं. माझ्या हट्टापायी पाककृती लिहून ठेवायचं एक ॲपही टाकलं. आणि हे सगळं सांभाळायला 'पोर्टेनर' नावाचा डॅशबोर्ड.

मग दर रविवारी सकाळी माझा आणि आईचा कार्यक्रम ठरला. ती फोनवर पाककृती सांगायची, मी बेंगळुरूहून टाईप करायची. "मीठ किती?" "अगं, लागेल तेवढं." "लागेल तेवढं म्हणजे किती?" "हाताला कळतं ते." असं भांडत भांडत जूनपर्यंत ४१ पाककृती झाल्या. वरणफळं आणि दालढोकळी यांत नेमका फरक काय, यावर आईने सांगितलेला अख्खा परिच्छेद त्यात होता. वडोदऱ्यातल्या मराठी घरात हा प्रश्न गंभीर असतो.

कंटेनर म्हणजे डबाच

थोडं मागे जाऊ. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत 'आयडियल एक्स' नावाचं जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. त्यावर ॲल्युमिनियमचे ५८ मोठे डबे होते. ही कल्पना माल्कम मॅक्लीन या ट्रक व्यावसायिकाची. त्याआधी पोती, पिंपं, खोकी सगळं सुटंसुटं चढवावं लागे. डबा एकसारखा झाला आणि आत काय आहे याची क्रेनला पर्वाच उरली नाही. न्हावा शेवा बंदराजवळून कधी गेला असाल तर ते रंगीत डबे तुम्ही पाहिले असतील.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हीच कल्पना उचलली. एखादं ॲप चालायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी एका डब्यात भरायच्या, मग तो डबा कुठल्याही कॉम्प्युटरवर तसाच चालतो. यासाठी सर्वांत प्रसिद्ध झालेलं साधन म्हणजे डॉकर. ते २०१३ मध्ये लोकांसमोर आलं आणि त्याच्या चिन्हातला देवमासासुद्धा पाठीवर कंटेनर वाहतो.

आता स्वयंपाकघरात या. डॉकरमध्ये तीन शब्द कळले की बरंच काही कळतं.

इमेज म्हणजे दुकानातून आणलेलं तयार पिठाचं पाकीट. कितीही वेळा तेच पाकीट आणा, आत तेच पीठ.

कंटेनर म्हणजे त्या पिठाचं गॅसवर चढवलेलं पातेलं. गॅस बंद करा, परत चालू करा. पातेलं खराब झालं तर टाकून द्या आणि नवीन पाकीट फोडा.

व्हॉल्यूम म्हणजे फडताळातली लोणच्याची बरणी. तुम्ही वर्षभर घातलेलं, मुरवलेलं सगळं तिच्यात. पातेली येतील-जातील, बरणी फुटली की गेली.

इमिचसारख्या एका ॲपला अशी चार पातेली लागतात: मुख्य ॲप, चेहरे ओळखणारं, डेटाबेस आणि तात्पुरत्या नोंदी ठेवणारं. हे सगळं काळ्या खिडकीत आज्ञा टाईप करून सांभाळता येतं, पण माझ्यासारखीला ते जमणार नव्हतं. म्हणून डॅशबोर्ड.

डॅशबोर्डवर काय दिसतं?

पोर्टेनर न्यूझीलंडमधल्या एका कंपनीने वाढवलेलं सॉफ्टवेअर आहे. त्याची कम्युनिटी आवृत्ती मोफत आहे. गंमत म्हणजे ते स्वतःही एका कंटेनरमध्येच चालतं. बसवलं की ब्राउझरमध्ये उघडायचं. पहिल्यांदा ॲडमिनचं खातं पाच मिनिटांच्या आत तयार करावं लागतं, नाहीतर सुरक्षेसाठी ते स्वतःला बंद करतं आणि परत सुरू करावं लागतं. पासवर्ड किमान १२ अक्षरांचा.

आत गेल्यावर डाव्या बाजूला यादी दिसते: कंटेनर, इमेज, नेटवर्क, व्हॉल्यूम, स्टॅक. स्टॅक म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांची एक लेखी कृती, काय काय घ्यायचं आणि कुठे ठेवायचं ते सांगणारी. कंटेनरच्या यादीत प्रत्येकापुढे 'रनिंग' किंवा 'एक्झिटेड' असं लिहिलेलं असतं. बाजूला छोटी चिन्हं असतात. त्यांतलं 'लॉग्ज' सर्वांत महत्त्वाचं. कंटेनर रुसलाय तर का रुसलाय, ते तो तिथे लिहून ठेवतो. वर बटणं: स्टार्ट, स्टॉप, किल, रिस्टार्ट आणि शेवटी रिमूव्ह.

बटणं एका ओळीत, सारख्याच आकाराची असतात. मला वाटलं, धोकाही सारखाच असेल.

त्या दिवशी काय झालं

जूनमधली पहिली मोठी सर आली आणि वडोदऱ्यात लाईट गेली. जुन्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच संपलेली, तोही बंद पडला. लाईट आल्यावर बाबांनी बटण दाबून तो सुरू केला. संध्याकाळी आईचा फोन: "फोटो दिसतायत गं, पण रेसिपीचं काही उघडत नाही."

मी डॅशबोर्ड उघडला. इमिचचे चारही कंटेनर रनिंग. पाककृतींचा एकटाच एक्झिटेड.

कारण नंतर कळलं. प्रत्येक कंटेनरला एक 'रिस्टार्ट पॉलिसी' द्यावी लागते. इमिचला ती दिलेली होती, म्हणून मशीन सुरू होताच ते आपोआप उठलं. पाककृतींचं ॲप दादाने घाईत, निघायच्या आदल्या रात्री टाकलं होतं. त्याला ती दिलीच नव्हती. म्हणजे मला फक्त 'स्टार्ट' दाबायचं होतं.

पण मी ऑफिसचं काम आटपून दमलेली. फोनवरचं ॲप बिघडलं की आपण काय करतो? काढून परत टाकतो. मी तेच केलं. 'रिमूव्ह' दाबलं. एक चौकट आली आणि तिने विचारलं, नॉन-पर्सिस्टंट व्हॉल्यूमही आपोआप काढून टाकायचे का? मला वाटलं, बरंच की, साफसफाई होईल. तेही चालू केलं आणि 'हो' म्हटलं.

नवीन कंटेनर बनवला. ॲप लगेच उघडलं, अगदी नवंकोरं. "स्वागत आहे, पहिलं खातं तयार करा," असं म्हणालं.

मी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. मग दादाला फोन लावला. तो आधी गप्प, मग म्हणाला, "तू रिमूव्ह करताना व्हॉल्यूमवर टिक केलंस?" मी हो म्हटलं. परत गप्प. मग म्हणाला, "चूक माझीपण आहे. मी बरणीला नावच दिलं नव्हतं."

व्हॉल्यूमला नाव दिलेलं असेल किंवा डेटा डिस्कवरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायला सांगितलेलं असेल, तर कंटेनर काढला तरी तो मागे राहतो. नाव न दिलेला व्हॉल्यूम मात्र बिननावाच्या डब्यासारखा असतो. साफसफाईत पहिला तोच जातो.

बॅकअप? फोटोंचा होता. बाहेरच्या हार्ड डिस्कवर दर आठवड्याला प्रत निघत होती. पाककृतींचा नव्हता. फोटो म्हणजे आठवणी हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पाककृती म्हणजे काय, तर आई आहेच की सांगायला. त्या जपून ठेवायच्या असतात हे सुचलंच नाही.

मग आम्ही काय बदललं

पुढच्या शनिवारी दादा आणि मी व्हिडिओ कॉलवर बसलो. जे बदललं ते असं:

१. प्रत्येक कंटेनर आता स्टॅकमधून बनतो. सेटिंग कुणाच्या डोक्यात नाही, फाईलमध्ये लिहिलेलं. त्या फाईलची प्रत माझ्याकडेही आहे.

२. प्रत्येक व्हॉल्यूमला नाव किंवा फोल्डर. 'ही बरणी कुठे आहे?' याचं उत्तर नसेल तर ते ॲप आम्ही वापरत नाही.

३. रिस्टार्ट पॉलिसी सगळ्यांना 'अनलेस स्टॉप्ड'. मुद्दाम थांबवलं नसेल तर लाईट आल्यावर आपोआप उठ, असा त्याचा अर्थ.

४. बिघडलं की क्रम ठरलेला: आधी लॉग्ज वाचायचे, मग स्टार्ट किंवा रिस्टार्ट. रिमूव्ह दोघांनी बोलल्याशिवाय नाही.

५. बॅकअप ३-२-१: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. आमची घराबाहेरची प्रत मामाच्या कपाटात आहे. पोर्टेनरच्या सेटिंगमध्ये बॅकअपचं बटण आहे, पण तो पोर्टेनरच्या स्वतःच्या सेटिंगचा बॅकअप असतो, तुमच्या फोटोंचा नाही. हा गैरसमज मलाही होता.

६. डॅशबोर्ड इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही. तो डॉकरशी थेट बोलतो, म्हणजे त्याच्या हातात जवळजवळ सगळ्या मशीनच्या चाव्या असतात. मी बेंगळुरूहून 'टेलस्केल' या खासगी जोडणीतून आत जाते. आई-बाबांना डॅशबोर्डचा पत्ताच दिलेला नाही, फक्त ॲप दिली आहेत. चाव्यांचा जुडगा पाहुण्यांच्या हाती कशाला?

पोर्टेनर मोठं वाटत असेल तर 'डॉकज' नावाचा छोटा डॅशबोर्ड आहे. त्यात स्टॅकच्या फाईली साध्या फोल्डरमध्ये राहतात. कुठलाही घ्या, बरणी आणि पातेल्यातला फरक तोच.

हे सगळ्यांनी करावं का?

खरं सांगू? नाही. विजेचा खर्च फार नाही. जुना लॅपटॉप १५ वॅट घेतो असं धरलं तर दिवसरात्र चालवून महिन्याला साधारण ११ युनिट होतात. खर्च वेळेचा आहे. महिन्यातून दोन-तीन तास देणारं घरात कुणी नसेल, तर पैसे भरून साठवण घेतलेली बरी. आणि सर्व्हर लावून देणारा परगावी जाणार असेल, तर त्याच्याकडून दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: डेटा कुठे आहे आणि बॅकअप कुठे आहे. पासवर्डची चिठ्ठीसुद्धा कपाटात असू द्या.

राहिली आई. तिला सांगायला मला दोन दिवस लागले. शेवटी रविवारी नेहमीच्या वेळी फोन केला आणि रडतच सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच ना? अगं, मी आहे ना अजून. घे लिहून."

आजवर २९ परत झाल्या आहेत. परवा वरणफळांची पाळी होती. पहिल्या वेळी तिने चिंच सांगितली होती, मला पक्कं आठवतं. या वेळी म्हणाली, "आमसूल घाल. माझ्या सासूबाई आमसूलच घालायच्या, चिंच मी नंतर सुरू केली." मी दोन्ही लिहून ठेवलं.

त्या रात्री बॅकअप नीट झालाय का, ते मी दोनदा तपासलं.

तुमच्या घरातलं असं काय आहे जे कुठेच उतरवून ठेवलेलं नाही? वहीत, फोनमध्ये, कशातही चालेल. या रविवारी एक तरी गोष्ट लिहून घ्या. आणि मला जरूर कळवा, वरणफळात तुमच्याकडे चिंच की आमसूल?