बोट कपाटात नको, पाण्यात हवी

शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनात आगबोटीची प्रतिकृती तुम्ही नक्कीच पाहिली असेल. थर्मोकोलचे अंग, रंगीत कागदाची धुरांडी आणि काड्यांच्या डोलकाठ्या! अशी बोट सुबक दिसते, तिला बक्षीसही मिळते आणि मग ती मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटात जाऊन बसते. तिला पाण्यात मात्र कोणी सोडत नाही. माझे मत असे की दहा वर्गांनी दहा शोभेच्या बोटी करण्यापेक्षा सगळ्या शाळेने मिळून एकच मोठी लाकडी बोट करावी. ती दूरनियंत्रणाने चालणारी असावी आणि तिच्यावर वर्षभर मोजमापे घ्यावीत.

कोणती बोट करावी? बहुतेकांच्या मनात प्रथम 'टायटॅनिक' येईल. मी 'लॉयल्टी' सुचवीन. ही बोट इंग्लंडमधील बॅरो येथे बांधली गेली. १८९१ पासून ती 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने कॅनडा, जपान आणि हाँगकाँग यांच्यामध्ये उतारू नेत असे. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती घेतली. जखमी भारतीय सैनिकांसाठी ती तरंगते रुग्णालय झाली आणि तिला 'लॉयल्टी' हे नाव मिळाले. १९१९ मध्ये ती नव्याने निघालेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे आली. या कंपनीच्या संस्थापकांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. परदेशी कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या जलमार्गावर भारतीय मालकीच्या कंपनीने टाकलेले ते पाऊल होते. म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ती बोट मात्र १९२३ मध्ये मोडीत निघाली. आज ती पाहायची तर कोणीतरी ती पुन्हा घडवली पाहिजे.

आता गणिताकडे वळू. 'लॉयल्टी'ची लांबी सुमारे १३९ मीटर आणि रुंदी सुमारे १५.६ मीटर होती. १:५० हे प्रमाण घेतले तर आपली बोट २.७८ मीटर लांब आणि ३१ सेंटिमीटर रुंद होईल. लांबी पन्नासाव्या हिश्श्याची झाली, तर वजन किती व्हावे? पुष्कळजण पन्नासावा हिस्सा असे उत्तर देतात. परंतु घनफळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ५० × ५० × ५० म्हणजे १,२५,०००. म्हणून खऱ्या बोटीच्या प्रत्येक १००० टनांमागे प्रतिकृतीचे वजन फक्त ८ किलो येते.

याच हिशेबाने उलटही जाता येते. जुन्या छायाचित्रावरून बोटीच्या अंगावर जलरेषा आखा. प्रतिकृती पाण्यात ठेवून ती त्या रेषेपर्यंत बुडेल इतके वजन आत घाला, आणि मग सगळे मिळून तोला. समजा वजन ६० किलो भरले. त्याला १,२५,००० ने गुणले की ७५०० टन होतात. आपल्या तलावाचे पाणी गोडे असते, समुद्राचे पाणी त्याहून सुमारे अडीच टक्के जड असते. तेव्हा उत्तराला १.०२५ ने गुणावे लागेल. शंभर वर्षांपूर्वी मोडलेल्या जहाजाचे वजन असे एका तराजूवर करता येते! आर्किमिडीजचे तत्त्व पाठ म्हणणारे विद्यार्थी मला दरवर्षी महाविद्यालयात भेटतात. ते तत्त्व वापरून असे काही शोधून काढण्याची संधी त्यांना क्वचितच मिळालेली असते.

आत घालायचे वजन कोठे ठेवायचे, हा पुढचा प्रश्न. ते बुडाशी ठेवले तर कललेली बोट पुन्हा सरळ होते. कारण बोट कलली की पाण्याखालील भागाचा मध्य कललेल्या बाजूला सरकतो आणि तेथून वर ढकलणारे बल तिला सावरते. तेच वजन वरच्या मजल्यावर ठेवा. गुरुत्वमध्य फार वर गेला की तीच बोट उलटते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. बोटीवर माणसांनी कोठे बसावे आणि किती बसावे, हा जिवाचा प्रश्न आहे. ज्याने प्रतिकृती उलटताना पाहिली आहे तो गच्च भरलेल्या होडीत पाय ठेवण्यापूर्वी विचार करील.

वेगाचे गणित आणखी वेगळे आहे. ते इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड यांनी मांडले आणि १८७२ मध्ये टॉर्की येथे बांधलेल्या लांब हौदात मेणाच्या प्रतिकृती ओढून तपासले. बोटीने उठवलेल्या लाटा खऱ्यासारख्या दिसायच्या तर वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करावा लागतो. ५० चे वर्गमूळ सुमारे ७. 'लॉयल्टी' १६ नॉट, म्हणजे सेकंदाला ८.२ मीटर वेगाने जाई. आपली बोट सेकंदाला सुमारे १.२ मीटर, म्हणजे चालत्या माणसाच्या वेगाने गेली पाहिजे. मोठी मोटर बसवून ती सुसाट सोडली तर ती खेळण्यासारखी दिसते. तिचे मोबाइलवर चित्रण करा आणि ते सातपट सावकाश दाखवा. तिचे डुलणे भल्या मोठ्या जहाजासारखे भासेल.

राहिले दूरनियंत्रण. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कला बिनतारी लहरींनी चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली होती. आज त्याचे सुटे भाग बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत मिळू शकतात. 'लॉयल्टी'ला दोन पंखे होते. दोन मोटरी निरनिराळ्या वेगाने फिरवून सुकाणूशिवाय वळता येते का, तेही पाहा. परंतु हा भाग शेवटी करावा. जी बोट नीट तरंगत नाही तिला रेडिओ सावरू शकत नाही.

शिक्षक मंडळी म्हणतील की पुण्याला समुद्र नाही, पैसा नाही, आणि दहावीच्या वर्षी तर वेळही नाही. समुद्राची गरज नाही. आपल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात दूरदूरच्या बंदरांच्या प्रतिकृती बांधून अभ्यास होतोच. आपल्याला पोहण्याचा तलाव पुरे. धरणावर मुलांना नेऊ नये, आणि तलावावरही पोहणारे मोठे माणूस जवळ असावे. खर्च अनेक वर्गांत वाटला की हलका होतो. काम आठवी-नववीने करावे, म्हणजे दहावीच्या अभ्यासाला धक्का लागणार नाही. फासळ्या कापायला एखाद्या सुताराला शाळेत बोलवा आणि त्यालाही गुरुजी म्हणा.

एक अट मात्र पाळावी. गुण रंगाला देऊ नयेत, नोंदवहीला द्यावेत. वजन किती भरले, किती कोनात बोट उलटली, दहा मीटर जायला किती सेकंद लागले, हे ज्या वहीत आहे ती वही प्रदर्शनात बोटीशेजारी ठेवा. जूनमध्ये आराखडा काढलात तर ५ एप्रिलला तुमची 'लॉयल्टी' पाण्यात उतरू शकेल.