उपासनास्थळांतील सामुदायिक प्रार्थना आणि आरोग्यविषयक दक्षता यांबाबतचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, परभणी

विषय : साथरोगाच्या काळात उपासनास्थळांना लागू करावयाचे आरोग्यनियम त्या त्या उपासनेचे स्वरूप विचारात घेऊन आधीच निश्चित करण्याबाबत.

महोदय,

परभणी जिल्ह्यातील विविध धर्मांच्या उपासकांतर्फे हे निवेदन सविनय सादर करण्यात येत आहे. कोविडच्या साथीत बंद झालेली राज्यातील उपासनास्थळे 16 नोव्हेंबर 2020 रोजी उघडली, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 रोजी, घटस्थापनेला, पुन्हा खुली करण्यात आली. जीवितरक्षणासाठी निर्बंध आवश्यक होते याबद्दल निवेदनकर्त्यांचे दुमत नाही. तथापि बाहेरच्या भाविकांना प्रवेश बंद ठेवून आतील सेवेकऱ्यांनी नित्य विधी पार पाडावेत, ही एप्रिल 2021 च्या आदेशातील तरतूद पुजाऱ्याकडून नित्यपूजा होणाऱ्या देवळाला पुरेशी असली, तरी जिथे जमलेला समुदाय हाच उपासनेचा कर्ता असतो तिथे तिचा उपयोग होत नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सिनेगॉगचे, म्हणजे ज्यू धर्मीयांच्या प्रार्थनामंदिराचे आहे. मराठी हीच मातृभाषा असलेल्या बेने इस्राएल समाजाची सिनेगॉग प्रामुख्याने मुंबई, ठाणे, पुणे व रायगड भागांत असून मुंबईतील पहिले 1796 मध्ये उभे राहिले. परंपरेनुसार तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमल्याशिवाय, म्हणजेच 'मिन्यान' पूर्ण झाल्याशिवाय, दिवंगतांसाठी म्हणावयाची कद्दीश ही प्रार्थना म्हणता येत नाही व तोरा या धर्मग्रंथाचे जाहीर वाचन होत नाही. त्यामुळे जमावावर पाच जणांची मर्यादा घातल्यास ती तिथे व्यवहारतः पूर्ण बंदीच ठरते. 1948 नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेल्याने अनेक ठिकाणी मागे राहिलेल्यांत वृद्धच अधिक आहेत, आणि 65 वर्षांवरील व्यक्तींनी घरीच थांबावे हा केंद्राच्या 4 जून 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतील सल्ला पाळला की दहाचा आकडा जुळणे कठीण होते. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या, विश्रामदिनी विद्युत उपकरणे हाताळण्यास धर्मनियम मनाई करत असल्याने दूरदृश्य प्रार्थनेचा पर्यायही धर्मनिष्ठांना उपलब्ध नसतो.

दुसऱ्या बाजूने पाहता, संसर्गाचा खरा धोका जिथे आहे ते विधी ओळखणेही तितकेच आवश्यक आहे. तोरेची गुंडाळी हेखालातून, म्हणजे ती ठेवण्याच्या पवित्र कपाटातून, बाहेर आणली जाते तेव्हा भाविक तिच्या आवरणाला बोटे लावून ती ओठांना लावतात. 'हाथबोशी'त एकमेकांचे हात हातांत घेऊन मग स्वतःच्या बोटांचे चुंबन घेतले जाते. आणि पोहे, खोबरे व गूळ यांचा मलिदा एकाच ताटातून वाटला जातो. हे प्रकार साथीपुरते थांबवून, खिडक्या उघड्या ठेवून, दहा जणांना अंतरावर बसवता येते. जीव वाचवण्यासाठी शब्बाथचे नियमही बाजूला ठेवावेत असे ज्यू धर्मशास्त्रच सांगत असल्यामुळे अशा दक्षतेला धार्मिक विरोध संभवत नाही.

परभणी जिल्ह्यात हाच प्रश्न जुम्म्याच्या जमातीला, गावोगावच्या हरिनाम सप्ताहाला आणि त्यातील पंगतीला लागू पडतो. हजरत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात, गंगाखेडला संत जनाबाईंच्या दर्शनासाठी व गोदावरीस्नानासाठी गर्दी होते, पाथरीच्या साईमंदिरात बाहेरगावचे भाविक येतात. या प्रत्येक ठिकाणी धोका कुठे स्पर्शाचा, कुठे पाण्याचा, तर कुठे कोंदट जागेचा आहे.

म्हणून अशी मागणी आहे की, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 अन्वये प्राप्त अधिकारांचा वापर करून, साथ नसतानाच, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि सर्व उपासनास्थळांचे विश्वस्त यांची बैठक बोलवावी व कोणता विधी चालू राहील, कोणता बदलेल आणि कोणता तात्पुरता थांबेल हे विधीनिहाय लेखी ठरवावे. उपस्थितीची मर्यादा सरसकट आकड्याने न ठरवता जागेचे क्षेत्रफळ व हवा खेळती राहण्याची सोय पाहून ठरवावी, आणि जिथे किमान उपस्थिती धर्मतः अनिवार्य आहे तिथे ती मर्यादा त्याखाली जाऊ नये. त्या संख्येलाही धोका असेल तर बंदीचे कारण व मुदत आदेशातच नमूद करावी. उरूस व यात्रांपूर्वी पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासून निष्कर्ष प्रवेशद्वारावर मराठी व उर्दूत लावावेत. वृद्ध उपासकांना घरी बसवण्याऐवजी त्यांच्यासाठी स्वतंत्र वेळ राखावी व लसीकरणाचे पथक उपासनास्थळी पाठवावे. या निवेदनावरील कार्यवाही लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
निवेदनकर्ते नागरिक, परभणी जिल्हा

प्रत माहितीस्तव : मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, परभणी