वाटाड्याची मजुरी कोण देतो?

व्यापारात फुकट काही मिळत नसते. जी वस्तू फुकट मिळाली असे वाटते, तिची किंमत दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूत मिसळलेली असते. कापडाच्या धंद्यात केस पिकले; ही गोष्ट आम्हाला कुणी नव्याने शिकवायला नको. परंतु सहलीला निघालो की आपण व्यापारी माणसेसुद्धा हा उसूल घरी ठेवून जातो. ‘गाइडसह, सर्व खर्चासह’ अशी जाहिरात वाचतो, माणशी पन्नास-शंभर रुपये कोण कमी घेतो ते पाहतो आणि बस ठरवून मोकळे होतो. त्या गाइडला मजुरी कोण देतो, हे विचारीत नाही. लोणावळा आणि मावळ भागात जाणाऱ्या एकदिवसीय बस सहलींच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पावसाळा सुरू झाला की मुंबई, ठाणे, कल्याण, भिवंडी आणि पुणे येथून शेकडो बसगाड्या बोरघाटाकडे निघतात. दुकानदारांचे मंडळ, शाळेचे शिक्षक, मोहल्ल्यातील नातेवाईक असे चाळीस-पन्नास लोक एकत्र येतात. पहाटे निघायचे आणि रात्री घरी परतायचे. हॉटेलात मुक्काम नाही, म्हणून मध्यम कमाईच्या माणसालाही हा खर्च झेपतो. हा धंदा चांगला आहे आणि वाढावा असेच आम्हाला वाटते. एका बसमुळे दहा-बारा मोटारी घाटात कमी होतात, हाही फायदाच. लोक निसर्ग पाहण्यासाठी पैसे मोजायला तयार आहेत, हे रेल्वेनेही ओळखले. जून २०२१ मध्ये मुंबई-पुणे मार्गावरील डेक्कन एक्स्प्रेसला मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम डबा जोडला गेला, तो याच घाटाच्या जोरावर. तेव्हा गिऱ्हाईक आहे, पैसाही आहे. कमी आहे ती चोख व्यवहाराची.

घाट मुळात व्यापाऱ्यांचा

या रस्त्याने जाताना आम्हा व्यापाऱ्यांना तर अधिक काही कळले पाहिजे. बोरघाट हा फार जुना तिजारती मार्ग आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल घाटांवरून देशावर जाई आणि देशावरचा माल बंदरात येई. कार्ल्याचे लेणे या वाटेवर उगीच कोरलेले नाही. भारतातील कोरीव चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे मानले जाते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याचा खर्च कोणी केला, हे तेथील शिलालेखांतच लिहिलेले आहे. वैजयंती येथील भूतपाल नावाच्या शेठने हे शैलगृह पूर्ण करविले आणि सबंध जंबुद्वीपात ते उत्तम असल्याचे नोंदवून ठेवले. धेनुकाकट गावच्या एका सुगंधी द्रव्याच्या व्यापाऱ्याचे दान तेथे नोंदलेले आहे. त्याच गावच्या ‘यवन’ म्हणविणाऱ्या परदेशी लोकांनी खांब दिल्याचेही लेख आहेत. म्हणजे बाहेरून आलेले लोकही या वाटेवरच्या कामाला हातभार लावीत होते.

पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८३० मध्ये, घाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली. आणि १९१५ मध्ये लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी नळांतून खोपोलीला उतरवून टाटांच्या वीजघरात वीज तयार होऊ लागली. ती वीज कोणासाठी? मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी. गिरण्यांचे भोंगे आता बंद झाले, परंतु ज्या भिवंडीत आज यंत्रमागाचा खडखडाट चालतो, तेथील माणसाने खोपोलीहून वर चढताना डोंगरावरचे ते नळ पाहून दोन मिनिटे थांबावे, एवढे नाते या पाण्याशी आपले आहेच.

याच घाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. लोक सांगतात की, इंग्रजांना घाटातून वाट सापडत नव्हती, ती या धनगराने दाखविली. बक्षीस म्हणून त्याच्या वाट्याला गोळी आली. दंतकथा खरी-खोटी कशीही असो, आजही अनेक ड्रायव्हर तेथे नाणे टाकून पुढे जातात. वाट दाखविणाऱ्याचे देणे राहून गेले आहे, ही जाणीव त्यामागे असावी.

आमच्या बसचा दिवस

मागच्या सप्टेंबरात आमच्या बाजारातील काही दुकानदारांनी घरच्या मंडळींसह एक बस केली. आम्हीही त्यात होतो. कंपनीचे नाव देण्याचे कारण नाही. एकट्या तिचा हा प्रकार नव्हे. फजरची नमाज अदा करून निघालो. गाइड म्हणून दिलेला तरुण हजरजबाबी होता. कुठल्या चित्रपटाचे शूटिंग कुठे झाले, कुठल्या नटाचा बंगला कोणता, हे त्याने माइकवरून सांगितले. शिलालेख, गाडीरस्ता, वीजघर यांतले एक अक्षरही त्याच्या तोंडून निघाले नाही.

कार्ल्याला पोहोचल्यावर त्याने चाळीस मिनिटे दिली. शेकडो पायऱ्या चढून जायचे आणि उतरायचे यातच ती संपतात. वयस्क स्त्रिया अर्ध्या वाटेवरून परतल्या. वर एकवीरा देवीच्या दर्शनाला आलेल्या भाविकांची गर्दी होती. रांग कोणती, लेण्याकडे कुठून जायचे, हे सांगायलाही तो सोबत नव्हता. जोहरच्या नमाजसाठी आणि जेवणासाठी थांबा कुठे, हे आधी ठरलेच नव्हते. ते ऐनवेळी शोधण्यात पाऊण तास गेला. मात्र लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानासमोर बस लागली आणि तेथे आम्ही तासभर होतो. ‘इथेच घ्या, बाकी सगळा माल नकली आहे’ असे तो प्रत्येकाला सांगत होता. एकाच नावाच्या पाट्या आणि प्रत्येकीवर ‘ओरिजिनल’ हा शब्द, हे लोणावळ्याच्या बाजारात कुणालाही दिसते. अशा वेळी नवख्या गिऱ्हाईकाला गाइडचा शब्द खरा वाटतो.

भाजे लेण्याकडे जाताना मात्र आम्ही काही जणांनी गावातला एक मुलगा स्वतःच्या पैशाने सोबत घेतला. बारावी झालेला, भातशेती करणाऱ्या घरचा. त्याने लेणी नीट दाखविली. ओढ्याजवळ मुले पाण्यात शिरू लागली, तेव्हा त्याने त्यांना अडविले. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढते, पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहू लागला, आवाज बदलला की सामान सोडून आधी बाहेर यायचे, हे त्याने मुलांना समजावले. सबंध दिवसात खऱ्या अर्थाने गाइडचे काम झाले ते एवढेच. त्याने मागितलेली रक्कम आमच्यापैकी एका कुटुंबाच्या चिक्कीच्या बिलापेक्षा कमी होती.

दोन हजारांचा हिशेब

आता हिशेब करू. समजा, बसमध्ये चाळीस माणसे आहेत आणि चांगला गाइड दिवसाचे दोन हजार रुपये मागतो. माणशी पन्नास रुपये पडतात. आयोजक म्हणतो, एवढे वाढविले तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल. म्हणून तो कमी पैशांत किंवा नुसत्या कमिशनवर मुलगा आणतो. त्या चाळीस जणांनी दुकानात दहा हजारांची खरेदी केली आणि दुकानदाराने शेकडा वीसप्रमाणे बसवाल्यांना दिले, तर ते किती झाले? दोन हजारच. दुकानदार ते आपल्या घरातून देत नाही. ते मालाच्या भावात धरलेले असते. म्हणजे गाइडची मजुरी आपणच दिली. फरक इतकाच की, आपण उघड दिली असती तर तो आपला माणूस झाला असता. झाकून दिली म्हणून तो दुकानाचा माणूस झाला. मग तो लेण्यात चाळीस मिनिटे आणि दुकानात एक तास देतो, यात त्याचा तरी काय दोष? ज्याचे खातो त्याचे काम करतो.

कोणी म्हणेल, कापड बाजारातही दलाल आहेत, अडत्ये आहेत. मग तुम्हाला दलालीचा एवढा राग का? दलालीचा आम्हाला राग नाही. दलाल माणूस माल आणि गिऱ्हाईक यांची गाठ घालून देतो, त्याचा मोबदला हलाल आहे. परंतु बाजारात दलाली किती आणि ती कोणाकडून, हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. जो माणूस गिऱ्हाईकाकडून ‘तुमचा रहबर’ म्हणून मान घेतो आणि गुपचूप विकणाऱ्याकडून टक्के घेतो, त्याचा प्रकार वेगळा. हा व्यवहार उघड करा, मग त्याला कोणी नाव ठेवणार नाही.

लोणावळ्याच्या दुकानदारांनीही याचा विचार करावा. एकेकाळी मुंबई-पुण्याची प्रत्येक गाडी त्यांच्या दारावरून जात असे. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला आणि जाता-येता थांबणारे गिऱ्हाईक कमी झाले. घाटाचा भाग टाळणारा सुमारे तेरा किलोमीटरचा ‘मिसिंग लिंक’ही आखला गेला, तो वेळ वाचविण्यासाठीच. यापुढे लोणावळ्यात येईल तो मुद्दाम आलेला माणूस. त्याला एकदा फसविल्यासारखे वाटले की तो पुन्हा येत नाही, आणि घरी जाऊन दहा जणांना सांगतो. चिक्की उत्तम असेल तर तिला कमिशनच्या कुबड्या कशाला?

पाण्याजवळ माणूस हवा

ही बाब केवळ रुपये-पैशांची असती तर आम्ही एवढे लिहिले नसते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागील धबधब्यात, पुण्याहून वर्षासहलीला आलेल्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार लहान मुले होती. १५ जून २०२५ रोजी मावळातच कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघांचे प्राण गेले. त्याआधी १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे, त्याच शिंग्रोबाच्या देवळाजवळ एक खासगी बस दरीत कोसळून तेरा जण मृत्युमुखी पडले.

सोबत गाइड असता तर हे सारे टळले असते, असा दावा आम्ही करीत नाही. पुलांची देखभाल, धोक्याच्या जागी पहारा ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती सरकारने पार पाडलीच पाहिजे. परंतु दर पावसाळ्यात बंदीचे हुकूम निघतात, फलक लागतात आणि लोक फलकाखालून पुढे जातात. अनोळखी माणसाला तो झरा उथळ आणि सुंदर दिसतो. तो कधी बदलतो हे तिथल्या माणसालाच कळते. असा माणूस चाळीस जणांमागे एक असणे, ही चैनीची गोष्ट नव्हे. बसच्या ड्रायव्हरइतकीच ती गरज आहे.

काय करावे

जी मंडळे, शाळा आणि कुटुंबे बस ठरवितात, त्यांना आमच्या चार सूचना आहेत. पहिली, गाइडची मजुरी बिलात वेगळी लिहून घ्या आणि ती स्वतः द्या. दुसरी, दिवसाचा कार्यक्रम वेळेसह कागदावर घ्या: कुठे किती वेळ, जेवण आणि नमाजचा थांबा कुठे, दुकानात किती मिनिटे. दुकान नको असेल तर तसे स्पष्ट सांगा. तिसरी, मावळात पोहोचल्यावर त्या गावचा माहितगार तरुण सोबत घ्या, आणि पावसाळ्यात त्याने नको म्हटले की पाण्यात उतरायचे नाही, हे निघतानाच सर्वांकडून कबूल करून घ्या. चौथी, बसचे परमिट, फिटनेस आणि आपत्कालीन दरवाजा पाहा; ड्रायव्हरने आदल्या रात्री झोप घेतली आहे का, हे विचारा; अंधार पडण्यापूर्वी घाट उतरा.

आपल्या समाजात बसगाड्यांचे मालक आणि ट्रॅव्हल एजंट बरेच आहेत. त्यांच्यासाठी ही धंद्याची संधी आहे. ‘आमच्या सहलीत कमिशनचे दुकान नाही, गाइड मावळचा, त्याची मजुरी बिलात दाखविलेली’ अशी जाहिरात करून पाहा. माणशी पन्नास रुपये जास्त पडतील. सुरुवातीला काही गिऱ्हाईक जाईलही. परंतु ज्या घरातली मुले सुखरूप परत आली आणि काही शिकून आली, ते घर पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाणार नाही. कार्ले, भाजे, मळवलीच्या मुलांना चार महिने रोजगार मिळेल. बरकत असते ती अशाच धंद्यात.

येत्या पावसाळ्यासाठी बस ठरविताना एवढा एकच प्रश्न आधी विचारा: गाइडला पैसे कोण देणार? उत्तर ‘तुम्ही’ असे आले तर सौदा पक्का करा. ‘त्याची काळजी तुम्ही करू नका’ असे आले, तर दुसरी बस पाहा.