बियाणे कोणाचे?

जनुकीय परिवर्तित पिकांचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, हे विष आहे. दुसरा म्हणतो, हा विज्ञानाचा विजय आहे. या गदारोळात ज्याला ते बी मातीत टाकायचे, त्या शेतकऱ्याला मात्र कोणी विचारीत नाही. कापूस पिकवणाऱ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून मला वाटते, बी चांगले की वाईट हे विचारण्याआधी ते कोणाचे आणि कोणासाठी, हे विचारले पाहिजे.

या दृष्टीने डॉ. डेनिस गोन्साल्विस या वनस्पती-विषाणूतज्ज्ञाचे कार्य अभ्यासण्यासारखे आहे. ते मूळचे अमेरिकेतील हवाई बेटांवरचे. उसाच्या मळ्यावर त्यांचे बालपण गेले. पुढे ते कॉर्नेल विद्यापीठात संशोधक झाले. हवाईच्या पपईला 'रिंगस्पॉट' विषाणूने ग्रासले होते. मावा कीड तो झाडोझाडी नेते. पाने आक्रसतात, फळांवर वलये उठतात, झाड खुंटते. त्यावर औषध नाही. रोगट झाड उपटायचे, एवढेच हाती उरते.

गोन्साल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाणूच्या आवरणातील प्रथिनाचे जनुक पपईच्या पेशीत घातले. त्यामुळे झाडाला विषाणूशी झुंजण्याचे बळ आले. १९९२ साली ओआहू बेटावर शेतातील चाचणी सुरू झाली. त्याच वर्षी, जेथे हवाईची बहुतेक पपई पिकत होती, त्या पुना भागात विषाणू शिरला. डोळ्यांदेखत बागा उजाड होऊ लागल्या. अखेर १९९८ साली 'रेनबो' व 'सनअप' या वाणांचे बी शेतकऱ्यांना वाटले गेले, तेही मोफत! या तंत्राचे काही हक्क कंपन्यांकडे होते. पण पपई उत्पादकांच्या समितीने त्यांचे परवाने आधीच मिळवले होते.

याला विरोध झाला नाही असे नव्हे. जपानने ही पपई २०११ पर्यंत स्वीकारली नाही. सेंद्रिय शेती करणाऱ्यांना आपल्या बागेत परके पराग येतील अशी धास्ती होती. या शंका हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. तरीही २०१३ साली हवाई बेटावर जनुकीय पिकांना मज्जाव करणारा स्थानिक कायदा झाला, तेव्हा त्यातून पपई वगळण्यात आली.

आता आपल्याकडे पाहू. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. आरंभी बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या कमी झाल्या, हे कोणीही प्रांजळपणे मान्य करील. परंतु बी संकरित, म्हणून दरवर्षी विकत घेणे आले. कडेने बिगर-बीटी कापूस लावावा, म्हणजे अळी लवकर सरावणार नाही, असा नियम होता. तो पाळला थोड्यांनीच. गुलाबी बोंडअळी सरावली. २०१७ साली विदर्भात किडलेली बोंडे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहेत. पाकीट दुकानातून घरी आले, त्यामागचे ज्ञान मात्र दुकानातच राहिले!

'रेनबो' पपईही संकरितच आहे. तेव्हा दोष संकराच्या किंवा जनुकाच्या माथी मारून भागणार नाही. तेथे संशोधक शेतकऱ्याची नड ओळखून कामाला लागला आणि शेतकऱ्यांच्या समितीला त्यात स्थान होते. येथे शेतकरी केवळ गिऱ्हाईक ठरला.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की सरसकट बंदी नको आणि डोळे झाकून परवानगीही नको. असे बियाणे आपल्या कृषी विद्यापीठांनी सार्वजनिक पैशातून घडवावे. त्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष, वाईट असले तरी, मराठीत छापून गावोगावी पोहोचवावेत.

मित्रहो, हे विज्ञान शाखेचे काम, असे म्हणून आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी हात झटकू नयेत. हक्क कोणाचा, नफा कोणाला, जोखीम कोणाच्या शिरावर, हे प्रश्न अर्थशास्त्राचे आणि राज्यशास्त्राचेही आहेत. आणि प्रयोगशाळेतले ज्ञान बांधावरच्या माणसाला त्याच्या भाषेत सांगणे, हे तर आपलेच काम आहे.