कार्यांतील कॅमेरा

घरांत मंगलकार्य ठरलें कीं उपाध्ये, आचारी व वाजंत्री यांचा विचार आधीं होतो, छायाचित्रकाराचा शेवटीं. हा क्रम आम्हांस एकदां महाग पडला. कांहीं वर्षांपूर्वीं जिंतूर तालुक्यांतील आमच्या बोरीस वडील नातवाची मुंज झाली. मातृभोजनाच्या वेळीं सूनबाईंनीं मुलाच्या मुखीं घास दिला. त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्यांत कॅमेरा खट्कन् वाजला, दिव्याचा लखलखाट झाला आणि छायाचित्रकार म्हणाले, "वहिनी, घास पुन्हां एकदां द्या, डोळे मिटले होते." सूनबाईंनीं डोळे पुसले व घास पुन्हां दिला. चित्र उत्तम आलें आहे. मात्र त्यांतील घास दुसरा आहे.

आतां धाकट्या नातवाची मुंज आहे. चिरंजीवांस फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्याची हौस. कोणता घ्यावा, असें त्यांनीं विचारलें. ज्याचा आवाज मंत्राहून लहान तो घ्यावा, असें आम्हीं सांगितलें.

आवाज येतो कोठून? ज्या कॅमेऱ्यांत भिंगामागें हलता आरसा असतो, त्यांत प्रत्येक चित्राच्या वेळीं तो आरसा वर उडून परत पडतो. स्वयंचलित कॅमेऱ्यांत फिल्म पुढें सरकवितांना मोटर घरघरते. उलट, ज्याचा पडदा पातळ पाकळ्यांचा असून भिंगांतच बसविलेला असतो, तो जेमतेम टिक् करतो. १९६६ सालीं निघालेला याशिका इलेक्ट्रो ३५ ह्या जातीचा आहे. मात्र त्याची मूळ पाऱ्याची बॅटरी आतां निघत नाहीं, तिच्या जागीं दुसरी जोडून घ्यावी लागते. लायकाचा १९५४ चा एम ३ कापडी पडद्याचा, तोही मृदु; परंतु त्याची किंमत मध्यम संसारास झेपणारी नव्हे. रोलायफ्लेक्समध्यें आरसा असतो, पण तो स्थिर. शिवाय तो पोटाशीं धरून, मान लववून पाहावयाचें असतें. त्यामुळें समोरच्यावर नेम धरल्यासारखें वाटत नाहीं.

हाच रोलायफ्लेक्स वर्ध्याजवळच्या सेवाग्रामांत कनु गांधी यांच्या हातीं होता. घनश्यामदास बिर्ला यांनीं दिलेल्या १०० रुपयांतून तो घेतला गेला. गांधीजींनीं तीन अटी घातल्या होत्या: लखलखाटाचा दिवा वापरावयाचा नाहीं, मुद्दाम बसवून चित्र घ्यावयाचें नाहीं, आणि आश्रम खर्च देणार नाहीं. पहिल्या दोन अटी आम्हींही घातल्या आहेत. तिसरी मात्र आमच्या पेन्शनीनें मोडली.

चिरंजीवांनीं याशिका पसंत केला. दिवा नको म्हणून ४०० वेगाची फिल्म घ्यावी, मातृभोजनाचीं पानें ओसरीच्या उजेडांत मांडावीं, आणि फिल्म पुढें सरकविण्याचें काम वाजंत्री वाजत असतां उरकावें, असें ठरलें. शेल्याखालीं पिता पुत्राच्या कानांत गायत्रीचा उपदेश करील, तेव्हां कॅमेरा कितीही मुका असो, तो खालीं ठेवावा, एवढी चौथी अट आम्हीं आपल्या पदरची घातली.

सूनबाईंना हें सर्व कळलें, तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, ह्या खेपेस डोळे मिटलेले आले तरी चालतील."

वाचकांच्या घरींही कार्यें निघतील. एखादें चित्र अंधुक आलें तर येऊं द्यावें. घास मात्र पहिला असावा.