मजा संपते, तलफ उरते

मोहल्ल्यातला एखादा मुलगा एमडीच्या नादाला लागला की आपला निवाडा तयार असतो: 'मजा मारतोय. चार फटके द्या, नाहीतर लग्न लावून द्या, सुधारेल.' या निवाड्याचा पायाच कच्चा आहे.

आधी खरे तेवढे मान्य करू. मेंदूतल्या पेशी डोपामाइन सोडतात आणि पंपासारख्या प्रथिनांनी ते परत आत ओढतात. कोकेन हे पंप बंद पाडते; अ‍ॅम्फेटामाइन आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन, ते उलटे चालवतात. १९९७ साली अमेरिकेत नोरा व्होल्को यांच्या गटाने कोकेन घेणाऱ्यांचे पीईटी स्कॅन केले. जितके जास्त पंप बंद, तितकी नशा जास्त. साधारण निम्मे बंद झाल्याशिवाय ती जाणवतच नव्हती. म्हणजे सुरुवातीची मजा खरी असते. ती नाकारून तरुणांना उपदेश केला तर ते आपल्याला खोटे ठरवतील.

पण पुढे काय होते? त्याच वर्षी याच गटाने कोकेन सोडलेले २० व्यसनी आणि २३ निरोगी माणसे यांना शिरेतून मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक दिले. व्यसनींच्या मेंदूत डोपामाइन कमी वाढले आणि त्यांना नशाही कमी चढली. ज्याला आपण 'मजा मारणारा' म्हणतो, त्याच्या वाट्याला मजाच कमी!

मग तो थांबत का नाही? बेरिज आणि रॉबिन्सन यांनी १९९३ मध्ये मांडले की 'आवडणे' वेगळे आणि 'हवेसे वाटणे' वेगळे. डोपामाइन मुख्यतः दुसऱ्याला पेटवते. कॅनडात मार्को लेटन यांच्या एका छोट्या प्रयोगात कोकेन घेणाऱ्यांचे डोपामाइन आहारातून कमी केले, तेव्हा तलफ उतरली, नशेचा आनंद मात्र उतरला नाही. रील्समधले 'डोपामाइन म्हणजे आनंद' हे समीकरण इथेच कोसळते.

कुणी म्हणेल, मेंदूवर ढकलून जबाबदारी झटकता काय? नाही. नशा हराम आहे हे त्या मुलाला आपल्याइतकेच ठाऊक असते. उपचाराला जाणे ही त्याची जबाबदारी, त्याला तिथवर नेणे ही आपली. फटक्यांनी तलफ जात नाही, ती लपते. आणि लग्न लावून दिल्याने आजार बरा होत नाही, एका मुलीचे आयुष्य तेवढे पणाला लागते.

वाट आहे. एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ सांगते की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

इज्जतीच्या भीतीने दार लावून बसणाऱ्या घरांना हे कोण सांगणार? मित्रांनो, तुम्हीच सांगा.