रसायनशास्त्राचे पुस्तक कोणासाठी?

पदव्युत्तर रसायनशास्त्राच्या वर्गात खेड्यातून आलेला विद्यार्थी मागे पडला की, त्याचे इंग्रजी कच्चे, असा निवाडा तत्काळ दिला जातो. त्याच्या हाती कोणते पुस्तक होते, हे कोणी विचारीत नाही. बहुधा ते पुस्तक नसतेच. परीक्षेपुरते गाइड असते. त्यातून एन्ट्रॉपीची सूत्रे पाठ होतात. पण उष्णता आपणहून थंड वस्तूकडेच का जाते, असे विचारताच गाडी अडते.

वाचनीय पुस्तक म्हणजे सोपे करून पातळ केलेले पुस्तक नव्हे. क्लेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सेंद्रिय रसायनावरील ग्रंथ २००१ साली निघाला. तो हजाराहून अधिक पानांचा आहे, तरी वाचवतो; कारण इलेक्ट्रॉन कोठून निघून कोठे जातात, हे वक्र बाणांनी दाखवीत तो अभिक्रियेमागचे कारण सांगत जातो. फिनारच्या जुन्या ग्रंथात माहिती अपार, परंतु कारणापेक्षा यादीला मान अधिक.

तथापि फिनार परवडत तरी होता! ब्रिटिश सरकारच्या अर्थसाहाय्यावर चाललेली ईएलबीएस योजना तो स्वस्तात देई. मॉस्कोचे मीर प्रकाशन गेरासिमोव यांनी संपादिलेले भौतिक रसायनाचे खंड इंग्रजीत काढी. यात शीतयुद्धाचे राजकारण होते, हे उघडच आहे. पण विसावे शतक संपण्यापूर्वी हे दोन्ही झरे आटले, आणि ती उणीव भरून काढणे हे आपले कर्तव्य आहे असे दिल्लीश्वरांना वाटले नाही.

पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन-पत्रिकांच्या सामायिक वर्गणीसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. पत्रिका हव्यातच, परंतु त्या वाचू शकणारा विद्यार्थी ज्या पुस्तकातून घडतो, ते बाजाराच्या मर्जीवर का सोडावे?

मराठीच्या कैवाऱ्यांनीही थोडे अंतर्मुख व्हावे. परिभाषा कोश भरले म्हणजे पुस्तक झाले, ही समजूत घातक ठरली. ‘उत्प्रेरक’ की ‘कॅटलिस्ट’ हा वाद दुय्यम होय. वाक्य कळते की नाही, हा खरा प्रश्न.

शासनाने चांगल्या अध्यापकांना वर्षभराची पगारी रजा द्यावी, त्यांची प्रकरणे छापण्यापूर्वी जिल्ह्याच्या महाविद्यालयांत शिकवून पाहावीत आणि पुस्तक कागदाच्या व छपाईच्या खर्चात विकावे. आज अशी रजा मागणाऱ्या प्राध्यापकाला पहिला प्रश्न येतो, तो त्याच्या नावावर संशोधन-निबंध किती, हाच.